सेट होईल!

नाशिकला लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस मठ्ठ्याचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारतो, "मग, मुलगा सेट झाला का?" हा प्रश्न विचारायला नातं लागत नाही, ओळखही लागत नाही. आपल्याला मुलगा आहे की नाही, एवढीसुद्धा माहिती लागत नाही. मुलगा नाही म्हटलं तर "मग मुलगी?" मुलगीही नाही म्हटलं तर "पुतण्याबितण्या?" आणि तिथेही काही हाती लागलं नाही तर आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, "तुम्ही तरी सेट आहात ना?"

सेट म्हणजे नेमकं किती, हे कुणी सांगत नाही. मुलाला नोकरी लागली असं सांगावं, तर "पर्मनंट का?" पर्मनंट आहे म्हणावं, तर "फ्लॅट घेतला?" घेतला म्हणावं, तर "गंगापूर रोडला की पाथर्डी फाट्याला?" मग लग्न, मग गाडी, मग नातवंडं, मग नातवाची अ‍ॅडमिशन. एवढं सगळं होईस्तोवर मुलाला टक्कल पडतं, आणि एक दिवस पंगतीत कुणीतरी त्यालाच विचारतं, "मग, मुलगा सेट झाला का?" म्हणजे आपण कधीच सेट होत नाही, आपली फाइल पुढच्या पिढीकडे वर्ग होते, इतकंच. आमच्या वडिलांच्या वेळी ‘सेटल झाला का’ असं विचारत. पुढच्या पिढीने त्यातला ‘ल’ काढून टाकला. काळजी तेवढीच राहिली, वेळ मात्र वाचला.

हे सगळं मी इतकी वर्षं मठ्ठ्याबरोबर गिळत आलो होतो. या शब्दाशी माझं उघड वैर सुरू झालं ते बायकोने इंग्रजीचा क्लास लावल्यावर. कारण घरगुती होतं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटिसा इंग्रजीतून यायला लागल्या, आणि पाणी कधी जाणार हे आम्हाला पाणी गेल्यावर कळायला लागलं. एकदा अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत मी बाहेर येऊन नोटिशीतल्या ‘अनटिल फर्दर नोटिस’चा अर्थ लावत उभा होतो. त्याच संध्याकाळी बायकोने कॉलेज रोडवरच्या एका क्लासात नाव घातलं.

"अगं, मी आहे की शिकवायला," मी म्हणालो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला माणूस मी. पाचवीत एबीसीडी सुरू होऊन दहावीपर्यंत थेट पॅसिव्ह व्हॉइस गाठलेली आमची पिढी.

"तुमचं इंग्रजी लेखी आहे," ती म्हणाली. "बोलायची वेळ आली की तुम्ही खोकता."

क्लासच्या मॅडमची पद्धत अशी, की महिन्याला एकच क्रियापद घ्यायचं आणि ते रोजच्या वाक्यांत बरोबर वापरून दाखवायचं. अट एकच. वाक्यं पुस्तकातली नकोत, आपल्या घरातली हवीत. आणि खरी हवीत. पहिलंच क्रियापद मिळालं ‘सेट’.

बायको खूश होऊन घरी आली. "अहो, याची तिन्ही रूपं सारखीच! सेट, सेट, सेट. काल सेट, आज सेट, उद्याही सेट."

मलाही बरं वाटलं. गो-वेन्ट-गॉनपायी ज्याने छड्या खाल्ल्या आहेत, त्याला सेट-सेट-सेटमधलं सुख विचारा. पण मी कोशात डोकावलो आणि हबकलो. ऑक्सफर्डचा तो २० खंडांचा इंग्रजी कोश आहे ना, त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ दिले आहेत. बरीच वर्षं त्या कोशातल्या सगळ्यात लांबलचक नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ ६४५ अर्थ घेऊन पुढे गेला. ही बातमी मी बायकोला दिली.

"म्हणजे अजून ४२९ शिकायचे राहिले," ती शांतपणे म्हणाली आणि वही उघडून बसली.

पहिलं वाक्य तिने लिहिलं, ‘द सन सेट्स इन द वेस्ट.’ मॅडमनी ते पुस्तकातलं म्हणून परत पाठवलं. तुमच्या घरातून सूर्य कुठे मावळतो ते लिहा म्हणाल्या. बायको गॅलरीत जाऊन उभी राहिली. पूर्वी आमच्या गॅलरीतून गंगापूर धरणाच्या दिशेचं सगळं आभाळ दिसायचं. आता तिथे आमचीच बी विंग उभी आहे. तिने लिहिलं, ‘द सन सेट्स बिहाइंड द बी विंग.’ पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

"पण हे खरं कुठे आहे?" मी म्हणालो. "बी विंगच्या मागे सूर्य मावळत नाही, नुसता लपतो. तोही दुपारी साडेचारला."

"मग आमच्याकडे सूर्यास्त साडेचारला होतो असं लिहू का? फ्लॅटची किंमत उतरेल."

दुसरं वाक्य होतं ‘आय सेट द टेबल.’ आता, आमच्याकडे जेवणाचं टेबल आहे ही गोष्ट खरी. पण त्यावर जेवल्याचं घरात कुणाला आठवत नाही. त्यावर इस्त्रीचे कपडे, गोळ्यांचा डबा, तीन चार्जर, महिनाभराची रद्दी, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका आणि एक पंप असतो. पंप कशाचा ते विचारू नका. जेवण आम्ही मांडीवर ताट घेऊन टीव्हीसमोर करतो. पण वाक्य खरं पाहिजे, म्हणून त्या संध्याकाळी बायकोने टेबल रिकामं केलं, पुसलं, ताटं मांडली, पेले ठेवले. आपलं टेबल सागवानी आहे हे मला त्या दिवशी कळलं. रद्दीच्या खाली मुंजीची जी पत्रिका होती, त्या बटूचं आता लग्न ठरलं आहे, हेही कळलं. एक दिवस आम्ही समोरासमोर बसून जेवलो. टीव्ही नसल्यामुळे काय बोलावं ते सुचेना, म्हणून लवकर आटोपलं. दुसऱ्या दिवशी पंप परत जागेवर आला.

"आता ते वाक्य खोडावं लागेल," मी म्हणालो.

"कशाला? भूतकाळातही ‘आय सेट द टेबल’च होतं. तेवढ्यासाठी तर हे क्रियापद चांगलं."

तिसरं वाक्य माझ्यावर होतं. ‘माय हजबंड सेट्स द अलार्म, बट आय गेट अप.’ मी हरकत घेतली. गजर पाच वाजता होतो, त्या वेळी मी जागा असतोच. फक्त डोळे मिटलेले असतात. मॅडमनी त्या वाक्याखाली लाल शाईने ‘व्हेरी नॅचरल’ असं लिहून पाठवलं. क्लासमधल्या इतर बायकांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं म्हणे. आता कॉलेज रोड परिसरातले अनेक नवरे एकाच वाक्यात झोपलेले आहेत.

दह्याशी मात्र तिचं जमेना. मॅडमनी ‘द कर्ड सेट’ असं सुचवलं होतं.

"दही सेट काय व्हायचंय? दही लागतं!" बायको भडकली. "डिसेंबरात निफाडला पारा एक आकड्यावर येतो. तिथे माझी आई दह्याचं भांडं घोंगडीत गुंडाळून, वर उशी ठेवून दही लावायची. एवढं करून त्याला सेट म्हणायचं?" शेवटी तिने लिहिलं, ‘माय मदर्स कर्ड डज नॉट सेट. इट लाग्ज.’ मॅडमनी त्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

याच सुमारास आमच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपायला लागलं आणि मिस्तरींचा प्रवेश झाला. मिस्तरींना इंग्रजी येत नाही, पण ‘सेट’ शब्दावर त्यांची जी हुकमत आहे, तिच्यापुढे मॅडमनी वही मिटावी. त्यांनी जुनी फरशी फोडली, नवी बसवली, आणि जाताना म्हणाले, "दोन दिवस हात लावायचा नाही. सेट होऊ द्या."

दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेलो. टॉवेल खांद्यावर टाकून लिफ्टमध्ये उभं राहिल्यावर माणसाचा सोसायटीतला मान नेमका किती आहे ते कळतं. तिसऱ्या दिवशी मी फरशीवर पाय ठेवला, तर ती हलली.

"मिस्तरी, फरशी हलतेय."

"सेट होईल."

"दार लागत नाही."

"सेट होईल. लाकूड आहे, बसेल हळूहळू."

"अहो, पाण्याचा उतार उलटा झालाय. पाणी जाळीकडे न जाता हॉलकडे येतंय!"

मिस्तरींनी पाण्याकडे जरा वेळ बघितलं. "तेही सेट होईल," ते म्हणाले. पाणी सेट होईल असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. कोशातल्या ४३० अर्थांत हा नसणार.

त्या रागात मी सिमेंटबद्दल वाचलं. भारतीय मानक सांगतं, की साधं पोर्टलंड सिमेंट पाणी घातल्यापासून ३० मिनिटांच्या आत घट्ट व्हायला लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं घट्ट झालंच पाहिजे. म्हणजे दहा तास. पुढे ताकद यायला दिवस लागतात ते वेगळं. पण सेट व्हायला सिमेंटला सरकारने मुदत घालून दिली आहे. मिस्तरींना घातलेली नाही, आणि पंगतीतल्या मुलांनाही नाही.

गावाचंही तेच. आमच्या भागात रस्ता खणून ठेवला आहे. कुणालाही विचारा, "सिंहस्थापर्यंत सेट होईल." दर १२ वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि नाशिक-त्र्यंबकला साधू येतात. मागचं सिंहस्थ २०१५ ला झालं, पुढची पर्वस्नानं २०२७ ला. या शहरात कुठल्याही कामाला जी काही अंतिम मुदत आहे, ती गुरू ग्रहाने दिलेली आहे. एवढ्या लांबून तो वेळेवर येतो. रामकुंडाकडे जाणाऱ्या बसला द्वारका चौक ओलांडायला मात्र वेळ लागतो.

मिस्तरींनंतर सलून. मी केस कापायला गेलो होतो. पोरगा म्हणाला, "काका, दाढी सेट करू?" मी म्हणालो, "सेट म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे जराशी सेट करतो." व्याख्या पूर्ण झाल्यामुळे मी मान हलवली. अर्ध्या तासाने आरशात कानापासून हनुवटीपर्यंत पट्टी लावून आखलेली एक रेघ होती आणि तिच्यामागे कुठेतरी मी होतो. घरी आल्यावर दार उघडून बायको म्हणाली, "कोण पाहिजे?"

पण या शब्दाची खरी राजधानी शहरात नाही, ती दिंडोरी-निफाडच्या बागांत आहे. माझा मामेभाऊ द्राक्षवाला. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, मग फुलोरा, आणि फुलोऱ्यानंतर मणी धरायला लागले की त्याला म्हणतात सेटिंग. त्या दिवसांत द्राक्षवाल्यांच्या घरी कुणाच्या मुलाची चौकशी होत नाही. नुसती सेटिंगची होते. ढग आले की घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीला निफाडकडे गारपीट झाली, तेव्हा सेट झालेल्या बागा एका संध्याकाळी जमिनीवर आल्या. त्यामुळे मामेभाऊ ‘सेट झाली’ हे शब्द उच्चारताना आधी वर बघतो.

गेल्या हंगामात मी बसमध्ये होतो आणि त्याचा फोन आला. त्याला बागेतल्या ट्रॅक्टरच्या आवाजात बोलायची सवय, आणि मला बसच्या. त्यामुळे आमचं बोलणं सगळ्या बसशीच झालं.

"सेटिंग कशी आहे यंदा?" मी विचारलं.

"जोरात! पण जरा दाटच झालीय. थोडी विरळ करावी लागणार."

"मग माणसं लावलीस का?"

"लावली ना. या खेपेला सगळा माल युरोपला पाठवायचा विचार आहे."

"जपून रे बाबा. मागच्या वेळी सगळी सेटिंग झाल्यावर वरून कोसळलं होतं."

फोन ठेवला तेव्हा बसमध्ये शांतता होती. पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघत होते. कंडक्टरने सुटे पैसे न मागता परत केले. उतरताना सफारीतला एक माणूस माझ्या मागे आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमचंही एक काम अडकलंय बघा. जमिनीचं. तुमच्या सेटिंगमधून होईल का?"

"अहो, ती द्राक्षाची आहे," मी म्हणालो.

त्याने समजूतदारपणे डोळा मिटला. "कळलं. द्राक्षाची तर द्राक्षाची. किती पेट्या लागतील?"

"तुम्हाला किती हव्यात? चार किलोची एक पेटी."

त्याचा चेहरा एकदम आदराने भरून गेला. "तुम्ही वजनावर घेता?" तो म्हणाला.

आयुष्यभर रेशनकार्डावरचं नावसुद्धा रांगेत उभं राहून दुरुस्त करून घेतलेला माणूस मी. कुठल्याही कचेरीत गेलो की लोक विचारतात, "आत कुणाशी सेटिंग आहे का?" नाही म्हटलं की कीव करतात. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे मोठा माणूस म्हणून बघितलं. मी त्याला बागेचा पत्ता दिला.

घरी येऊन हे सांगितल्यावर बायकोने लगेच वाक्य लिहिलं, ‘माय हजबंड हॅज नो सेटिंग.’ मॅडमनी ‘धिस इज अ नाऊन’ म्हणून ते खोडलं. खोडलं म्हणून खोटं ठरलं नाही.

आता उरला माझा भाचा. त्याने मराठी घेऊन एमए केलं आणि तो सेट झाला. म्हणजे प्राध्यापक होण्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी जी पात्रता परीक्षा घेतं, ती सेट परीक्षा तो उत्तीर्ण झाला. घरात पेढे वाटले. मग एका लग्नात, पंगतीत, शेजारच्या काकांनी मठ्ठा उचलला.

"भाचा काय करतो?"

"सेट झाला!" बहीण अभिमानाने म्हणाली.

"वा! कुठे?"

"कॉलेजात शिकवतो. तासिका तत्त्वावर."

"म्हणजे?"

"म्हणजे जितके तास घेईल तितक्या तासांचे पैसे. सुट्टी लागली की तास बंद."

"मग सेट कुठे झाला?"

"अहो झाला ना! सर्टिफिकेट आहे त्याच्याकडे. आयुष्यभर चालतं ते."

"सर्टिफिकेट चालतं हो. पण तो?"

भाचा समोरच बसला होता. त्याने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "काका, तिन्ही रूपं सारखी असली तरी मी अजून पहिल्याच रूपात आहे." काकांना ते कळलं नाही. त्यांनी भाच्याला सोडून त्याच्या शेजारच्या मुलाला विचारलं, "तू रे, तू सेट झालास का?" ते पोरगं तिसरीत होतं.

महिनाअखेरीस मॅडमनी बायकोची वही तपासून दिली. सूर्य, टेबल, गजर बरोबर, दही चूक, मी नाऊन. शिवाय बायकोने स्वतःहून लिहिलेलं एक वाक्य होतं, ‘द फ्लोअर विल सेट, मिस्तरी सेज.’ ते व्याकरणात शंभर टक्के बरोबर ठरलं. फरशी अजून हलते. वही परत देताना मॅडम इंग्रजी सोडून सरळ मराठीत म्हणाल्या, "छान! आता तुमचं इंग्रजी एकदम सेट झालं." ज्या शब्दासाठी महिनाभर लाल शाई खर्ची पडली, तो मॅडमनीही शेवटी नाशिकच्या रीतीनेच वापरला.

माझं मत आता ठाम आहे. सूर्य, सिमेंट आणि द्राक्षाचे मणी, एवढ्यांनीच या क्रियापदाचे कर्ते व्हावं. त्यांची वेळ ठरलेली असते आणि ते कुणाला विचारत बसत नाहीत. माणसाला ते लावू नये. लावायचंच असेल, तर निदान हातात मठ्ठा असताना तरी लावू नये. आणि वाचकहो, सिंहस्थाच्या निमित्ताने म्हणा किंवा लग्नाला म्हणा, नाशिकला आलात आणि कुणी तुम्हाला "काळजी करू नका, सेट होईल" म्हणालं, तर काय सेट होईल, कधी होईल, असलं काही विचारू नका. किती दिवस हात लावायचा नाही, एवढंच विचारून घ्या.